तांब्यातलं विसरण लॅम्प्समध्ये: एमएसडी सपाटच का राहतो?

सिमरोलवासी

नमस्कार मंडळी. तांब्याच्या स्व-विसरणाचा गुणांक (यापुढे नुसता डी) मॉलिक्युलर डायनॅमिक्सने, म्हणजे एमडीने (अणूंची हालचाल पावलापावलाने मोजून) काढायचा आहे. पुढे तांबे-निकेल मिश्रधातूकडे जायचंय. सध्याची मांडणी अशी: लॅम्प्स (अणूंच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर), १०×१०×१० एफसीसी (फलक-केंद्रित घन) पेशी म्हणजे ४००० अणू, त्यातला एक काढून टाकलेला. मिशिन आणि सहकाऱ्यांचं २००१ चं ईएएम पोटेन्शियल (अणूंमधल्या बलांचं मॉडेल), ८०० केल्व्हिन, टाइमस्टेप १ फेम्टोसेकंद, एकूण २ नॅनोसेकंद. सरासरी वर्ग-विस्थापन, म्हणजे एमएसडी, पहिल्या एक-दोन पिकोसेकंदांतच ०.१२ चौरस आंगस्ट्रॉमच्या आसपास पोचतो आणि मग शेवटपर्यंत आडवा राहतो. या आकड्याला ६ गुणिले वेळेने भागलं तर डी १०^−१३ चौ.मी. प्रति सेकंद येतो, आणि रन लांबवला की डी कमी होतो. पोटेन्शियल बदलू की अणू वाढवू?

जालकबिंदू

दोन्ही नको. आधी कागदावर उड्या मोजा, उत्तर तिथेच आहे.

व्हेकन्सी (जालकातली रिकामी जागा) यंत्रणेत अणू हलतो तो शेजारची जागा रिकामी असेल तेव्हाच. एका दिशेच्या उडीचा दर = कंपन-वारंवारता × ई^(−अडथळा ÷ केटी); केटी म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक × तापमान. वारंवारता साधारण १०^१३ प्रति सेकंद धरा. या पोटेन्शियलमध्ये तांब्याचा स्थलांतराचा अडथळा ०.६९ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि एफसीसीत शेजारी १२. मग एकट्या व्हेकन्सीला सरासरी किती वेळाने एक उडी मिळते, ते पाहा:

१२५० केल्व्हिन: सुमारे ५ पिकोसेकंद
१००० केल्व्हिन: सुमारे २५ पिकोसेकंद
८०० केल्व्हिन: सुमारे १८५ पिकोसेकंद
५०० केल्व्हिन: सुमारे ७५ नॅनोसेकंद
३०० केल्व्हिन: सुमारे ३ मिलिसेकंद

तुमच्या २ नॅनोसेकंदांत जेमतेम ११ उड्या झाल्या असतील. एका उडीचं अंतर २.५६ आंगस्ट्रॉम, त्याचा वर्ग साधारण ६.६. या ११ उड्या ४००० अणूंवर वाटल्या आणि लगेच उलटणाऱ्या उड्यांसाठी ०.७८ ने गुणलं की एमएसडीत भर पडते ती ०.०१४ ची. तुम्हाला दिसणारा ०.१२ हा आकडा आपापल्या जागी थरथरणाऱ्या अणूंचा आहे. त्याला वेळेने भागून विसरण मिळत नाही, म्हणूनच रन लांबवला की तुमचा डी घसरतो. पाठ्यपुस्तकातले आकडे (पूर्वघटक ७.८×१०^−५ चौ.मी./से., सक्रियण ऊर्जा २११ किलोज्यूल प्रति मोल) घातले तर ८०० केल्व्हिनला डी १.३×१०^−१८ येतो. तुमचा आकडा त्याच्या पाऊण लाख पटीने मोठा आहे.

एमएसडीचा आलेख दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन काढा. उतार ० म्हणजे नुसती थरथर. उतार १ म्हणजे विसरण, आणि डी त्याच पट्ट्यातून काढायचा. उतार २ दिसला तर पूर्ण पेशीच एका दिशेला सरकते आहे.

राजवाडा_४५२

ताईंच्या शेवटच्या वाक्याला जोडून. उतार २ येण्याची नेहमीची कारणं दोनच: सुरुवातीचे वेग देताना एकूण संवेग शून्य केलेला नसतो, किंवा लँजव्हँ थर्मोस्टॅट (यादृच्छिक धक्के आणि घर्षण देऊन तापमान राखणारा) लावलेला असतो, जो संवेग राखत नाही. ‘व्हेलॉसिटी क्रिएट’मध्ये ‘मॉम येस’ ठेवा, ‘कंप्यूट एमएसडी’ला ‘कॉम येस’ द्या. लँजव्हँ द्रवात आणखी घात करतो: त्याचा घर्षणाचा पद डी सरळ कमी करतो. डी मोजायच्या टप्प्यात नोझे-हूवर, किंवा थर्मोस्टॅटच नको.

दुसरी गोष्ट डंप फाइलची, म्हणजे अणूंच्या जागा नोंदवणाऱ्या फाइलची. एमएसडी नंतर पायथनमध्ये काढणार असाल तर ‘एक्स वाय झेड’ नको, ‘एक्सयू वाययू झेडयू’ लिहून घ्या. पहिले निर्देशांक पेशीच्या भिंतीपाशी गुंडाळलेले असतात. एका बाजूने बाहेर पडलेला अणू दुसऱ्या बाजूने आत येतो आणि हिशोबात त्याने एका टप्प्यात पूर्ण पेशी ओलांडली असं दिसतं. ‘कंप्यूट एमएसडी’ हे स्वतः सांभाळतं, तिथे चिंता नाही.

सिमरोलवासी

लॉग-लॉगवर उतार शून्यच आहे. म्हणजे तापमान वाढवायचं आणि पेशी लहान करायची? लहान पेशीने आकाराची चूक वाढत नाही का? आणि पाच-सहा व्हेकन्सी एकदम घातल्या तर उड्या पाचपट मिळतील ना?

जालकबिंदू

व्हेकन्सी एकच ठेवा. दोन जवळ आल्या की जोडी जमते, जोडीचा अडथळा एकटीपेक्षा कमी असतो, आणि मग मोजलेला डी कुणाचा ते सांगता येत नाही.

५×५×५ म्हणजे ५०० अणू, एक काढून ४९९. पेशीची बाजू १८ आंगस्ट्रॉम, पोटेन्शियलचा पल्ला साडेपाच, म्हणून एखादा अणू स्वतःच्याच प्रतिमेला भेटत नाही. आकाराची जी मोठी दुरुस्ती लोक सांगतात (ये आणि हमर, २००४) ती द्रवांसाठी आहे. पेशीच्या बाजूच्या व्यस्त प्रमाणात जाणारी ती चूक द्रवातल्या प्रवाहामुळे येते. स्फटिकात तिचा संबंध नाही. खात्रीसाठी एक रन ६×६×६ वर करा आणि डी गुणिले अणुसंख्या हा आकडा दोन्हीकडे सारखाच येतो का पाहा.

क्रम असा ठेवा:

पूर्ण स्फटिक १२५० केल्व्हिनला एनपीटीत (दाब आणि तापमान स्थिर) ५० पिकोसेकंद चालवा, तापमानाचा डँपिंग ०.१ आणि दाबाचा १ पिकोसेकंद. शेवटच्या ३० पिकोसेकंदांची सरासरी पेशी-लांबी घ्या. शून्य केल्व्हिनची ३.६१५ तशीच ठेवून पुढे गेलात तर जालक जवळपास २ टक्के दाबलेलं राहतं, अडथळा वाढतो आणि डी खाली येतो. ही चूक आलेखात कुठेच दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट.

त्या लांबीने नवीन पेशी बांधा, एक अणू काढा, एनव्हीटीत (आकारमान आणि तापमान स्थिर) २० पिकोसेकंद स्थिर होऊ द्या, मग २० नॅनोसेकंद. टाइमस्टेप १ फेम्टोसेकंद म्हणजे २ कोटी पावलं. साध्या चार-कोअरच्या यंत्रावरही रात्रभरात होतं. ५०० अणूंना ३२ कोअर देऊ नका, देवाणघेवाणीतच वेळ जाईल. त्याऐवजी वेगवेगळ्या सीडचे (सुरुवातीच्या यादृच्छिक वेगांचे) आठ रन शेजारी-शेजारी लावा. हे पोटेन्शियल खऱ्या तांब्याच्या १३५८ केल्व्हिनच्या थोडं आधीच वितळतं, म्हणून १३०० च्या वर जाऊ नका.

या मांडणीत सुमारे ४००० उड्या मिळतील आणि एमएसडी ४० चौरस आंगस्ट्रॉमपर्यंत चढेल. थरथर आता नगण्य. उतार ÷ ६ केल्यावर साधारण ३.५×१०^−४ चौरस आंगस्ट्रॉम प्रति पिकोसेकंद यायला हवा. एक चौरस आंगस्ट्रॉम प्रति पिकोसेकंद = १०^−८ चौ.मी./से., म्हणजे ३.५×१०^−१२.

आणि हा अजून तांब्याचा डी नाही! तुमच्या पेशीत ५०० जागांत एक व्हेकन्सी तुम्ही स्वतः ठेवली आहे, म्हणजे ०.००२. निसर्ग १२५० केल्व्हिनला इतक्या ठेवत नाही. निर्मिती ऊर्जा १.२७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यावरून समतोलातलं प्रमाण ७.६×१०^−६, आणि निर्मिती-एन्ट्रॉपीचा गुणक ४ ते १०. मोजलेल्या डीला समतोल प्रमाण ÷ पेशीतलं प्रमाण याने गुणा. उत्तर ५×१०^−१४ ते १.३×१०^−१३ च्या दरम्यान येईल. पाठ्यपुस्तकाचे आकडे १.२×१०^−१३ देतात. जुळलं.

हा गुणाकार विसरल्याची खूण ओळखून ठेवा. तीन-चार तापमानांचे डी काढून लॉग-डी विरुद्ध १/टी काढला आणि उतार ०.६९ इलेक्ट्रॉनव्होल्ट आला, तर तुमच्या हातात फक्त स्थलांतराची ऊर्जा आहे. स्व-विसरणाची ऊर्जा म्हणजे निर्मिती अधिक स्थलांतर, १.९६. छापील २११ किलोज्यूल म्हणजे २.१९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. हा उरलेला फरक पोटेन्शियलचा आणि प्रयोगाच्या तापमान-पट्ट्याचा. तो लपवू नका, लिहा.

पीथमपूरकर

वाचतोय, फार उपयोगी चर्चा. आमच्याकडच्या गिअरना कार्बुरायझिंग होतं (पृष्ठभागात कार्बन मुरवतात), २०एमएनसीआर५ पोलाद, ९३० अंश सेल्सियस, गॅस भट्टी. केसची (कार्बन शिरलेल्या कठीण थराची) खोली आधीच सांगता यावी म्हणून सिम्युलेशन करायचं आहे. हेच लॅम्प्स चालेल का?

तप्तधातू

नाही. अर्ध्या मिलिमीटरचा थर आणि चार तासांचा वेळ अणूंनी मोजता येत नाही, आणि तशी गरजही नाही. कार्बन लोखंडात आंतरजालकीय जागांतून (अणूंमधल्या फटींतून) जातो, त्याला व्हेकन्सी लागत नाही, म्हणूनच तो लोखंडाच्या स्वतःच्या अणूंपेक्षा लाखो पट वेगाने पळतो. इथे फिकचा दुसरा नियम (१८५५) आणि एक साधी मर्यादित-फरक पद्धत पुरते. वर्कशीटमध्येसुद्धा होईल.

आधी हाताने अंदाज. गॅमा लोखंडात (ऑस्टेनाइटमध्ये) कार्बन: पूर्वघटक २.३×१०^−५ चौ.मी./से., ऊर्जा १४८ किलोज्यूल. ९३० अंशाला डी ८.६×१०^−१२. चार तासांचं √(डी×वेळ) = ०.३५ मि.मी. मूळ कार्बन ०.२०, पृष्ठभाग ०.९० टक्के धरला तर ०.४० टक्क्याची रेषा ०.५३ मि.मी. वर येते. भट्टीतून निघालेल्या तुकड्यात ती याहून खोल मिळते, कारण ऑस्टेनाइटमध्ये डी स्थिर नसतो. कार्बन वाढला की डीही वाढतो: १ टक्क्याला तो ०.२ टक्क्याच्या दुपटीहून अधिक. म्हणून स्थिर डीचं एरर-फंक्शन उत्तर नेहमी उथळ खोली देतं.

आता संगणकावर. ३ मि.मी. जाडी, १० मायक्रोमीटरचं अंतर, ३०० बिंदू. उघड (एक्स्प्लिसिट) पद्धतीत डी×वेळेचं पाऊल ÷ अंतराचा वर्ग हा आकडा ०.५ च्या आत हवा. तिथे सर्वांत मोठा डी घाला, पृष्ठभागाचा, साधारण २.८×१०^−११ धरला तर पाऊल १.८ सेकंदांच्या आत, म्हणून १ सेकंद घ्या. अंतर १ मायक्रोमीटर केलंत तर पाऊल शंभर पट लहान होतं, विनाकारण. मर्यादा ओलांडली की शेजारशेजारच्या बिंदूंवर कार्बन वर-खाली करवतीसारखा नाचायला लागतो.

सर्वांत जास्त लोक अडतात ते पुढच्या दोन ठिकाणी.

पहिलं, डी बदलता असताना समीकरण ‘डी × दुसरा अवकलज’ असं लिहायचं नाही. दोन बिंदूंच्या मधल्या पृष्ठावर सरासरी डी घेऊन प्रवाह काढा आणि प्रवाहांच्या फरकाने कार्बन बदला. नाहीतर कार्बन हवेतून जन्मतो किंवा गायब होतो. दर शंभर पावलांनी एकूण कार्बनची बेरीज करा आणि पृष्ठभागातून आत आलेल्या कार्बनशी ताडून पाहा. हजारात एकाहून जास्त फरक असेल तर आलेख कितीही सुबक असो, तो टाकून द्या.

दुसरं, पृष्ठभाग क्षणात ०.९० ला पोचत नाही. तिथे प्रवाह = बीटा × (भट्टीचा कार्बन पोटेन्शियल − पृष्ठभागाचा कार्बन) ही अट लावा, बीटा १०^−७ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. नेमका बीटा तुमच्या भट्टीचा तुम्हीच ठरवायचा: पातळ स्टीलची पट्टी दोन वेगवेगळ्या वेळांना भट्टीत ठेवून वजन करा, आणि मॉडेलमधला बीटा वजनवाढीशी जुळवा. बूस्ट आणि डिफ्यूज टप्पे असतील तर कार्बन पोटेन्शियल वेळेनुसार बदलत जा, बाकी कोड तोच.

पीथमपूरकर

काका, धन्यवाद. दाताच्या टोकाला केस नेहमी खोल मिळते आणि मुळाशी उथळ. ते यात येईल?

तप्तधातू

एकमितीय हिशोबात येणार नाही. टोकाला कार्बन दोन्ही बाजूंनी शिरतो, मुळाच्या आतल्या वळणावर तो पसरून जातो. दाताचा द्विमितीय छेद घ्या. पावलाची मर्यादा मग ०.५ ऐवजी ०.२५. अंतर्निहित (इम्प्लिसिट) पद्धत वापरली तर मर्यादा सुटते, पण पाऊल फार मोठं केलं की पहिल्या अर्ध्या तासाचा तीव्र उतार चुकतो.

तुमच्या पोलादातल्या क्रोमियमबद्दलही एक सांगतो. कार्बन सांद्रतेच्या उताराने वाहत नाही, रासायनिक विभवाच्या उताराने वाहतो. डार्केनने १९४९ मध्ये ३.८ टक्के सिलिकॉन आणि ०.४८ टक्के कार्बनचा पोलादी तुकडा, ०.४४ टक्के कार्बनच्या बिनसिलिकॉन तुकड्याला जोडून १०५० अंशाला १३ दिवस ठेवला. कार्बन सिलिकॉनच्या बाजूने पलीकडे गेला आणि सांध्यापाशी पलीकडचा कार्बन वाढला. सुरुवातीला दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. सिलिकॉन कार्बनची सक्रियता वाढवतो, क्रोमियम घटवतो. एकाच प्रतीच्या पोलादात हे डीच्या दुरुस्तीत सामावून घेता येतं. दोन वेगळी पोलादं जोडलेली असतील तर सक्रियता घेतलीच पाहिजे, आणि तिथे डिक्ट्रासारखं सॉफ्टवेअर आणि त्याचे डेटाबेस लागतात.

सिमरोलवासी

दुरुस्तीचा गुणाकार कळला, आठ सीड लावले आहेत. आता तांबे-निकेल. उड्यांच्या हिशोबावरून दिसतंय की निकेलमुळे अडथळे वाढतील आणि ७००-८०० केल्व्हिनला एमडी पोचणार नाही. मग एनईबी (उडीच्या वाटेवरचा अडथळा काढणारी पद्धत) आणि कायनेटिक माँटे कार्लो (केएमसी)?

राजवाडा_४५२

बरोबर. एमडी महाग पडतो कारण त्याचा बहुतेक वेळ थरथरीत जातो. केएमसी थरथर सोडून उडीवरून उडीवर जातो. त्यासाठी अडथळ्यांची यादी लागते, ती एनईबीने.

एनईबीत सात प्रतिमा पुरतात, चढत्या प्रतिमेसह (हेंकलमन, उबेरुआगा, योन्सन, २०००). सुरुवात आणि शेवट दोन्ही पूर्ण शिथिल केलेले हवेत. दोन्ही फाइलींत अणूंचा क्रम एकच हवा. क्रम हलला की वाटेत दोन-तीन अणू एकमेकांतून आरपार जातात आणि अडथळा १० इलेक्ट्रॉनव्होल्ट वगैरे येतो. भिंतीपलीकडे गुंडाळलेल्या अणूनेही तेच होतं. शुद्ध तांब्यात आधी चालवून पाहा: ०.६९ यायलाच हवा आणि वाट मधोमध सममित हवी. डीएफटीने (क्वांटम हिशोबाने) करत असाल तर १०८ जागांची पेशी, बल ०.०२ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति आंगस्ट्रॉमपर्यंत, आणि निकेलमध्ये चुंबकत्व चालू ठेवा.

मिश्रधातूत प्रत्येक उडीचा शेजार वेगळा, सगळ्यांचे एनईबी शक्य नाहीत. चालणारी तडजोड: अडथळा = उडी मारणाऱ्या जातीचा मूळ अडथळा + (शेवटची ऊर्जा − सुरुवातीची ऊर्जा) ÷ २. जाण्याचा आणि परतण्याचा दर यामुळे आपोआप समतोलात राहतात. याऐवजी फक्त सुरुवातीच्या शेजारावरून अडथळा नेमलात तर तपशीलवार समतोल मोडतो आणि मिश्रधातू कितीही वेळ चालवला तरी चुकीच्या रचनेला जाऊन स्थिरावतो. तीस-चाळीस यादृच्छिक शेजारांचे खरे एनईबी काढून हे सूत्र किती चुकतं ते पाहा. ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्टची चूक ८०० केल्व्हिनला दर सव्वाचार पट बदलते.

केएमसीचा गाभा बॉर्ट्झ, कॅलोस आणि लेबोविट्झ यांचा १९७५ चा. बारा उड्यांचे दर बेरजेत घ्या, एक यादृच्छिक आकडा घेऊन उडी निवडा, दुसऱ्याने घड्याळ पुढे न्या: वेळ = −लॉग(आकडा) ÷ एकूण दर. अडचण येते ती व्हेकन्सी दोन जागांमध्ये अडकून पुढे-मागे करत राहिली की. लाखो पावलं होतात आणि घड्याळ सरकत नाही. तपासायला सोपं: लागोपाठच्या उड्यांपैकी किती लगेच उलटल्या ते मोजा. शुद्ध एफसीसीत सहसंबंध गुणक (उलटणाऱ्या उड्यांमुळे डी किती पट उरतो तो) ०.७८ निघायला हवा. आधी तो काढून दाखवा, मगच निकेल घाला.

आणि ताईंची दुरुस्ती इथेही तशीच लागते. खरा वेळ = केएमसीचा वेळ × पेशीतलं व्हेकन्सी-प्रमाण ÷ समतोल प्रमाण. मिश्रधातूत मात्र निर्मिती ऊर्जा रचनेनुसार बदलते, ती एका आकड्याने भागवू नका.

सिमरोलवासी

एमएसडीतून तांब्याचा आणि निकेलचा वेगळा डी निघेल. प्रयोगात मात्र एकच आंतरविसरण गुणांक देतात. दोन्हींची सांगड?

जालकबिंदू

डार्केन, १९४८. आंतरविसरण = (निकेलचा अंश × तांब्याचा डी + तांब्याचा अंश × निकेलचा डी) × औष्णिक-गतिकीय गुणक. अंश उलटे लागतात, तिथे बघून लिहा. दोन डी असमान आहेत म्हणूनच स्मिगेल्स्कास आणि किर्केंडॉल यांच्या १९४७ च्या प्रयोगात ७८५ अंशाला, ५६ दिवसांपर्यंतच्या तापवणीत, पितळ आणि तांब्याच्या सांध्यावरच्या मॉलिब्डेनमच्या तारा पितळेच्या बाजूला सरकल्या. जस्त बाहेर पळालं, तांबं तेवढ्या वेगाने आत आलं नाही, फरक व्हेकन्सींनी भरला. तुमची पेशी आवर्ती सीमांची आहे आणि तिच्यात व्हेकन्सी जन्मत किंवा मरत नाहीत, म्हणून किर्केंडॉल परिणाम तिथे दिसायची अपेक्षा ठेवू नका.

खंडवारोड

पडताळणीबद्दल. कमी तापमानाचे डी ट्रेसर (खुणेचे अणू) आणि कापाकापीने मोजता येत नाहीत, पण बहुथरी फिल्मवर क्ष-किरण परावर्तनाने येतात, आणि अशा फिल्मवर काम करणारे लोक इंदूरमध्येच आहेत. थरांच्या आवर्तनामुळे मिळणारं ब्रॅग शिखर तापवल्यावर घटतं: शिखराच्या तीव्रतेच्या गुणोत्तराचा लॉग = −८ × पायचा वर्ग × डी × वेळ ÷ आवर्तन-लांबीचा वर्ग. आवर्तन ४ नॅनोमीटर, डी १०^−२३ चौ.मी./से. असेल तरी एका तासात शिखर १६ टक्के उतरतं. मात्र फिल्ममध्ये कणसीमा भरपूर असतात आणि त्यांच्यातून विसरण कित्येक पट वेगाने होतं. एकस्फटिकी केएमसीची तुलना थेट त्याच्याशी केलीत तर प्रयोग नेहमी वर दिसेल.

सिमरोलवासी

आठपैकी पाच सीड पूर्ण झाले. डी ३.१ ते ४.०×१०^−१२ च्या दरम्यान आहेत, दुरुस्तीआधी. सरळ रेषा पूर्ण २० नॅनोसेकंदांवर बसवू का?

जालकबिंदू

पूर्णावर नको. काळाचे अनेक आरंभबिंदू घेऊन सरासरी एमएसडी काढा. मोठ्या अंतरांसाठी नमुने मोजकेच उरतात आणि शेवट डगमगतो. पहिले १०० पिकोसेकंद सोडा, ८ नॅनोसेकंदांपर्यंतच रेषा बसवा. डीमधल्या त्रुटीचा अंदाज रेषेच्या फिटवरून घेऊ नका, तो फार लहान येतो, कारण शेजारचे बिंदू एकमेकांशी बांधलेले असतात. आठ सीडचे आठ डी, त्यांचं प्रमाण विचलन ÷ √८. आणि ओव्हिटोत (अणू दाखवणारं सॉफ्टवेअर) विग्नर-साइट्झ विश्लेषण (कोणती जागा रिकामी ते शोधणारं) लावून एका रनमधल्या उड्या खरोखर मोजा. ४००० च्या जवळ आल्या तर ११५० आणि १०५० केल्व्हिनचे रन लावायला हरकत नाही. १०५० ला उडी साधारण १७ पिकोसेकंदांनी, म्हणून तिथे ६० नॅनोसेकंद ठेवा.